भोगावतीचा जमाखर्च

पेणहून रोह्याकडे आगगाडीने निघाले म्हणजे अल्पावधीत तीन नद्यांचा मुलूख पाहून होतो. पेणला भोगावती, नागोठण्याला अंबा आणि रोह्याला कुंडलिका. शाळेच्या भूगोलात अंबा व कुंडलिका यांच्या वाट्याला एखादे वाक्य येते. भोगावतीला तेही मिळत नाही. पेणच्या पूर्वेकडील डोंगरांत उगम पावून ती अंबेला मिळते, एवढीच तिची ओळख. आणि मिळते तीही अंबा नदी असताना नव्हे, तर तिची धरमतरची खाडी झाल्यावर.

संगम म्हटला की घाट, देऊळ आणि स्नानपर्वणी आपल्या डोळ्यांसमोर येते. येथे तसे काहीच नाही. येथे आहे तो चिखल, कांदळवन आणि दिवसातून दोनदा दिशा बदलणारे पाणी. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी अंबेतून भोगावतीत शिरते आणि छोटी नदी काही काळ उलटी वाहते. याच भरतीच्या पाण्यावर एके काळी पेणच्या अंतोरे बंदराला गलबते लागत आणि भात व मीठ मुंबईकडे रवाना होई. रस्ते आले, रेल्वे आली आणि बंदराचे वैभव ओसरले. भरती मात्र अजून येते.

या भरतीला बांध घालून जो प्रदेश मनुष्याने मिळवला, तोच खारेपाट. मातीचे बांध, त्यांत ठेवलेल्या उघाड्या, आणि पावसाच्या पाण्याने जमिनीतील खार धुऊन निघाल्यावर पिकणारे भात, अशी ही शेती. बांधाला खांड पडली, की एका रात्रीत खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे जमीन नापीक होते. म्हणून या बांधांची निगा हा गावाचा सामायिक उद्योग होता; 1948 साली मुंबई सरकारने खारजमिनींसाठी कायदा केला, तो बऱ्याच नंतर. अशा प्रदेशात गोड्या पाण्याचा प्रत्येक ओहोळ म्हणजे भांडवल होय. पावसाळ्यात चहूकडे पाणी आणि उन्हाळ्यातही चहूकडे पाणी. पण फाल्गुन सरला की पिण्यास थेंब नाही. वाशी, शिर्की या बाजूच्या स्त्रियांना हे समजावून सांगण्यासाठी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची गरज नाही.

आमच्या पाठ्यपुस्तकांत मात्र पाण्याचे उदाहरण मोठ्या गमतीने दिलेले असते. अॅडम स्मिथने 1776 साली विचारले, की पाण्याइतके उपयुक्त काही नसता ते स्वस्त आणि हिरा निरुपयोगी असता तो महाग, हे कसे? पुढच्या पिढ्यांनी सीमांत उपयोगितेच्या साहाय्याने हे कोडे सोडवले, आणि दरवर्षी ते फळ्यावर सोडवण्यात आमचाही एक तास जातो. विपुल असते ते स्वस्त, हे खरे. परंतु पाणी विपुल कोणाकरिता, हा प्रश्न त्या आकृतीत कोठेच बसत नाही.

भोगावतीवर हेटवण्याचे धरण झाले. सरकारी कागदांत या नदीचे नाव भोगेश्वरी असे आहे. खारेपाटाला दुसरे पीक घेता यावे, हा या धरणाचा घोषित हेतू होता. कालव्यांचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. जलवाहिनी मात्र रेंगाळली नाही. धरणाचे पाणी जिते येथील केंद्रात शुद्ध होऊन सिडकोच्या वसाहतींकडे जाऊ लागले. नवी मुंबईतील मनुष्याला तहान लागू नये, असे कोणी म्हणणार नाही. माझे पुष्कळ विद्यार्थी आज तेथेच राहतात. तथापि एकाच धरणाच्या दोन हेतूंपैकी ज्याचा पैसा रोख मिळतो तो आधी पुरा होतो आणि ज्याचा मोबदला भाताच्या कणसात मिळतो तो मागे पडतो, हा योगायोग मानणे कठीण आहे.

पण या अपुऱ्या कालव्यांनीही एकदा मोठी कामगिरी बजावली. पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याची प्रक्रिया सुरू झाली, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या नेत्यांसह शेतकरी उभे राहिले. पेण तालुक्यातील 22 गावे हेटवण्याच्या लाभक्षेत्रात येत होती, आणि सिंचनाखालची जमीन अशी काढून घेता येईल काय, हा पेच त्यातून निर्माण झाला. अखेर 21 सप्टेंबर 2008 रोजी या गावांत शासनाला शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. बहुसंख्यांनी विरोध नोंदवला आणि पुढे प्रकल्प बारगळला. ज्या नदीला भूगोलात एक वाक्य नाही, तिच्या लाभक्षेत्राची रेषा एका अवाढव्य योजनेला आडवी आली. पाणी शेतात पोचलेले नव्हते. पण पोचायचे आहे एवढ्या नोंदीलाही वजन होते!

रोह्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. मुळशीचे धरण बांधताना सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, तो 1921 ते 1924 या काळात. धरण झाले, मुळेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली आले, आणि 1927 पासून भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली. जनित्रांतून सुटलेले पाणी कुंडलिकेत पडते, डोलवहाळच्या बंधाऱ्यात अडते आणि तेथून शेतीला व कारखान्यांना मिळते. अर्थात कुंडलिका उन्हाळ्यात वाहते ती पुष्कळशी परक्या खोऱ्याच्या पाण्यावर. मुंबईत विजेची मागणी वाढली की इकडे पात्र भरते. रोह्याशी ज्यांच्या घराण्याचे नाते, त्या चिंतामणराव देशमुखांनी रिझर्व्ह बँकेत देशाच्या चलनाचा हिशेब सांभाळला. गावच्या नदीचा हिशेब मात्र गावाच्या हाती नाही. मुळशीचे पाणी पुन्हा पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात वळवावे अशी मागणी होत असते. ती न्याय्य असू शकेल. परंतु त्या वादात कुंडलिकाकाठच्या गावांचे म्हणणे क्वचितच ऐकू येते.

म्हणजे एका नदीचे पाणी बाहेर जाते, दुसरीत बाहेरचे येते, आणि दोन्हीकडे निर्णय काठावर होत नाहीत. लहान खोऱ्याचा स्वतंत्र ताळेबंद आपण मांडतच नाही, हे याचे मूळ आहे. हेटवण्यापुरती तरी सुरुवात करता येईल. शहराकडून येणाऱ्या पाणीपट्टीतील ठराविक हिस्सा खारेपाटाचे नळ आणि कालवे यांसाठी राखून ठेवावा, आणि किती पाणी गेले, किती रक्कम आली, किती खर्चली, याचा तक्ता दरवर्षी त्या 22 गावांच्या चावडीवर लावावा.