लीगचा बिल्ला आणि कॉलेजचा संघ

शनिवारी सकाळी न्यू जर्सीत किंवा डॅलसच्या उपनगरात सॉकरच्या मैदानाकडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या पालकांमध्ये हल्ली मराठीही ऐकू येतं. "तुमची कुठल्या लीगला आहे?" हा प्रश्न ठरलेला. उत्तर 'ईसीएनएल' असेल तर पुढच्या चौकशा सुरू होतात, दुसरं काही असेल तर "छान, छान" म्हणून विषय हवापाण्यावर जातो. मुलगी असते बारा वर्षांची. क्लबची फी वर्षाला काही हजार डॉलर, शिवाय दुसऱ्या राज्यातल्या स्पर्धांसाठी विमानाची तिकिटं आणि हॉटेलं. एवढं सगळं कशासाठी, तर पुढे कॉलेजच्या संघात जागा मिळावी आणि जमलं तर शिष्यवृत्तीही. या हिशेबात थोडं खरं आहे, बरंचसं ऐकीव.

आधी या लीगांचा पसारा. अमेरिकेत मुलांच्या सॉकरची एकच सरकारमान्य शिडी नाही. वेगवेगळ्या संस्था आपापल्या लीग चालवतात आणि एकमेकींशी स्पर्धाही करतात. अमेरिकी सॉकर महासंघाने २००७ मध्ये मुलग्यांसाठी, आणि पुढे मुलींसाठीही, 'डेव्हलपमेंट अकॅडमी' काढली. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या काळात, ती एकाएकी बंद झाली. मुलग्यांच्या बाजूची जागा 'एमएलएस नेक्स्ट'ने घेतली, मुलींसाठी त्याच वर्षी 'गर्ल्स अकॅडमी' उभी राहिली. ईसीएनएल त्याआधीची : मुलींची २००९ पासून, मुलग्यांची २०१७ पासून. या सगळ्यांच्या खाली ईसीएनएलचीच प्रादेशिक लीग, एनपीएल, नॅशनल लीग आणि मग राज्याराज्यांच्या लीग. यात एक गोष्ट पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. वरच्या राष्ट्रीय लीगांमध्ये क्लबला प्रवेश मिळतो तो लीगने सदस्यत्व दिलं म्हणून. खालच्या लीगमध्ये पहिला आला म्हणून संघ आपोआप वर चढत नाही. त्यामुळे शेजारच्या गावातला बिनबिल्ल्याचा संघ बिल्लेवाल्या संघाला हरवू शकतो, आणि अधूनमधून हरवतोही.

"वरच्या लीगमध्ये नसेल तर कॉलेजचा विचारच सोडा"

हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि तो पूर्ण खोटा नाही म्हणूनच टिकून आहे. खेळासाठी नावाजलेल्या मोठ्या विद्यापीठांच्या डिव्हिजन वन महिला संघांची खेळाडू-यादी उघडून पाहा. क्लबच्या रकान्यात ईसीएनएल आणि गर्ल्स अकॅडमीचे क्लब एकामागोमाग एक दिसतील. ज्या मुलीला नॉर्थ कॅरोलिना किंवा स्टॅनफर्डला खेळायचं आहे, तिच्या बाबतीत लीग महत्त्वाची आहे, हे मान्यच करावं लागतं.

पण 'कॉलेज' म्हणजे तेवढंच नव्हे. एनसीएए या संघटनेच्या तीन डिव्हिजन आहेत. पहिलीत महिलांचे साधारण साडेतीनशे आणि पुरुषांचे दोनशेच्या थोडे वर संघ आहेत. तिसरीत महिलांचे आणि पुरुषांचे प्रत्येकी चारशेहून जास्त. त्याशिवाय दुसरी डिव्हिजन, एनएआयए नावाची वेगळी संघटना आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं. जसजसं मोठ्या डिव्हिजन वन संघांपासून दूर जाल, तसतसे खेळाडू-यादीत प्रादेशिक लीगवाले, राज्याच्या लीगवाले, फक्त शाळेच्या संघातून पुढे आलेले खेळाडू वाढत जातात.

ख्रिस वोंडोलोव्स्कीचं उदाहरण अमेरिकी सॉकरवाले नेहमी देतात. तो कॅलिफोर्नियातल्या चिको स्टेट या डिव्हिजन टूच्या कॉलेजात खेळला. पुढे मेजर लीग सॉकरमध्ये त्याने १७१ गोल केले, हा त्या लीगचा विक्रम. २०१४ च्या विश्वचषकातही तो अमेरिकेच्या संघात होता. अर्थात असा एक निघतो म्हणून वाट सोपी ठरत नाही. एनसीएएच्याच अंदाजानुसार शाळेत सॉकर खेळणाऱ्या शंभर मुलग्यांपैकी साधारण पाच-सहा आणि शंभर मुलींपैकी सात-आठ पुढे एनसीएएच्या कुठल्या ना कुठल्या डिव्हिजनमध्ये खेळतात. डिव्हिजन वनपर्यंत पोहोचणारे मुलगे शंभरात एक-दीड आणि मुली अडीचच्या आसपास.

मग लीगचा उपयोग नेमका काय? कॉलेजचा प्रशिक्षक कसा काम करतो ते पाहिलं की हे उलगडतं. त्याच्याकडे एक-दोन साहाय्यक, बेताचा प्रवासखर्च आणि सगळा देश पालथा घालायचा. वरच्या लीगा वर्षातून काही वेळा 'शोकेस' भरवतात : एकाच संकुलात तीन-चार दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत सामने. आठवडी बाजारात सगळ्या गावांचा माल एका जागी येतो, तसंच हे. प्रशिक्षक तिथे जाणार, कारण एका तिकिटात शेकडो खेळाडू नजरेखालून जातात. मात्र तो तिथे वाट फुटेल तिकडे फिरत नाही. हातात यादी घेऊनच येतो. कुठल्या मैदानावर, किती वाजता, कितव्या नंबरची जर्सी, हे त्याने आधीच टिपून ठेवलेलं असतं. त्या यादीत नाव जातं ते खेळाडूने स्वतः पाठवलेल्या मेलमुळे, सोबतच्या छोट्या व्हिडिओमुळे, किंवा क्लबच्या प्रशिक्षकाने केलेल्या फोनमुळे. म्हणजे लीग प्रशिक्षकाला संकुलापर्यंत आणते. तिथून तुमच्या मुलीच्या सामन्यापर्यंत त्याला दुसऱ्याच कुणीतरी आणावं लागतं, आणि बहुतेक घरांत हे काम कुणीच करत नाही. बिल्ला आहे ना, मग बघतीलच, अशी समजूत.

याच्या उलट फसगत म्हणजे शिबिराचं निमंत्रण. "विद्यापीठाने तुम्हाला आमच्या शिबिरासाठी निवडलं आहे" असा मेल आला की घरात पेढे वाटायची वेळ येते. हे मेल अनेकदा शेकड्याने जातात आणि शिबिराची फी हा प्रशिक्षकवर्गाच्या उत्पन्नाचा एक भाग असतो. ज्या मेलमध्ये तुमच्या विशिष्ट सामन्याचा, जागेचा, खेळाचा उल्लेख आहे, तोच मनावर घ्यावा.

"बेंचवर बसला तरी चालेल, बिल्ला हवा"

मला सर्वांत न पटणारा सल्ला हा, आणि तो देणारे थोडेथोडके नाहीत. जो मैदानात उतरतच नाही त्याला पाहणार कसं? पंधरा-सोळाव्या वर्षी आठवड्याला दहा मिनिटं मिळवणारा खेळाडू शोकेसलाही दहाच मिनिटं खेळतो. शिवाय त्या वयात निर्णयक्षमता सामन्यांतूनच येते. सराव कितीही उत्तम असला तरी तो त्याची भरपाई करत नाही. एक पायरी खालच्या संघात पूर्ण वेळ खेळणारा, आपल्या जागेवर पक्का झालेला बचावपटू प्रशिक्षकाच्या जास्त कामाचा असतो. डावखुरा बचावपटू किंवा उंच गोलरक्षक असेल तर फारच. प्रशिक्षक लीग पाहून संघ भरत नसतो. दोन वर्षांनी कोण पदवी घेऊन बाहेर पडणार, त्याच्या जागी कोण, हे त्याच्या डोक्यात चालू असतं.

"मुलगा असो वा मुलगी, गणित एकच"

अजिबात नाही. १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्यानुसार विद्यापीठांना खेळाच्या संधी स्त्री-पुरुषांना समन्यायाने द्याव्या लागतात. अमेरिकन फुटबॉलचा एकेक संघ शंभराच्या घरातला आणि तो पुरुषांचाच, म्हणून समतोलासाठी महिलांचे सॉकर संघ वाढत गेले. मुलींसाठी डिव्हिजन वनच्या जागा जास्त आहेत त्या यामुळे.

मुलग्यांची गोष्ट निराळी. डिव्हिजन वनच्या पुरुष संघांत एक तृतीयांशाहून अधिक खेळाडू परदेशातून आलेले असतात. युरोपातल्या व्यावसायिक अकादमीत वाढलेला, करार न मिळाल्याने शिक्षणाकडे वळलेला वीस वर्षांचा खेळाडू एकीकडे आणि टेक्सासमधला अठरा वर्षांचा एमएलएस नेक्स्टवाला दुसरीकडे, अशी ही स्पर्धा. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या मार्शल विद्यापीठाने २०२१ च्या वसंतात राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, त्या संघात परदेशी खेळाडूंचाच भरणा होता. त्यात 'ट्रान्सफर पोर्टल'ची भर. आता खेळाडू एका कॉलेजातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळू शकतो, त्यामुळे शाळकरी मुलावर चार वर्षं मेहनत घेण्यापेक्षा तयार खेळाडू उचलणं प्रशिक्षकाला सोयीचं वाटतं. मुलग्यांच्या बाबतीत सर्वांत वरची लीगही डिव्हिजन वनची हमी देत नाही ती यामुळे. आणि त्या लीगच्या अगदी शेंड्यावरचे मुलगे कॉलेजला येतच नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा ख्रिश्चन पुलिसिक तर ही लीग येण्याआधीच, सोळाव्या वर्षी, जर्मनीत डॉर्टमुंड क्लबला गेला होता.

"वेळेत लीग पकडली नाही तर गाडी सुटली"

दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींची लीग कॉलेजचा कुणी प्रशिक्षक पाहत नाही. पूर्वी, विशेषतः मुलींमध्ये, आठवी-नववीतच तोंडी होकार-नकार व्हायचे. तो प्रकार हाताबाहेर गेला, तेव्हा २०१९ मध्ये नियम बदलले. आता डिव्हिजन वनचा सॉकर प्रशिक्षक दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत खेळाडूशी प्रवेशाबद्दल बोलूच शकत नाही आणि कॉलेजच्या भेटी अकरावीच्या तोंडावर, १ ऑगस्टपासून. लहान वयात चांगली लीग घेण्याची कारणं दुसरी आहेत : चांगला प्रशिक्षक, तोडीचे सवंगडी, घरापासूनचं अंतर. वाहतुकीत रोज दीड तास काढून बिल्ला मिळवलेली मुलं चौदाव्या वर्षी खेळच सोडतात, हेही मैदानांवर दिसतं.

शाळेच्या संघात खेळल्याने नुकसान होतं, हीसुद्धा बंद पडलेल्या डेव्हलपमेंट अकॅडमीच्या काळातली भीती. तिने शाळेच्या सॉकरवर बंदी घातली होती. ईसीएनएल शाळेसाठी खेळू देते. शाळेचा हंगाम अनेक राज्यांत कॉलेजच्या हंगामाबरोबरच शरद ऋतूत येतो, म्हणून कॉलेजचे प्रशिक्षक तिथे फारसे फिरकत नाहीत, एवढंच.

"वरची लीग म्हणजे फुकट शिक्षण"

इथे पैशांचं नीट बोलू. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या पुरुष संघाला ९.९ आणि महिला संघाला १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि ती रक्कम पंचवीस-तीस जणांत वाटली जायची. 'शिष्यवृत्तीवर खेळते' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या अनेकींना फीचा चौथा हिस्सा किंवा त्याहून कमीच मिळायचा. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एनसीएएविरुद्धच्या 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर केली. ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना आता शिष्यवृत्त्यांची मर्यादा नाही, पण सॉकर संघात जास्तीत जास्त २८ खेळाडू ठेवता येतात. कागदावर २८ जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येईल. प्रत्यक्षात सॉकर हा विद्यापीठाला कमाई करून देणारा खेळ नाही, त्यामुळे कागदावरची मुभा तिजोरीतून येईलच असं नाही. उलट, निवड नसताना चाचणी देऊन संघात शिरणाऱ्यांची जागा आकसली. हार्वर्ड-येलसारखी आयव्ही लीगची विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. डिव्हिजन थ्रीमध्येही ती नसते.

मग तिथे जाऊन काय मिळतं? आमच्या मराठी घरांनी ज्याकडे पाहायला हवं ते नेमकं इथे आहे. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो विद्यापीठ, कार्नेगी मेलन, एमरी, टफ्ट्स, विल्यम्स, अॅमहर्स्ट ही सगळी सॉकरमध्ये डिव्हिजन थ्रीची. अभ्यासासाठी जी नावं आपल्या घरांत आदराने घेतली जातात, त्यांच्याच मैदानावर खेळता येतं हे अनेकांना माहीत नसतं. खेळाचा दर्जाही सुमार नाही. शिकागोच्या पुरुष संघाने २०२२ मध्ये डिव्हिजन थ्रीचं अजिंक्यपद जिंकलं तेव्हा प्रशिक्षक होत्या ज्युलियन सिच. पुरुष संघाला एनसीएएचं सॉकर अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या त्या पहिल्या महिला. अशा बऱ्याच कॉलेजांत प्रशिक्षक बारावी सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात खेळाडूच्या गुणपत्रिका प्रवेश कार्यालयाकडे चाळण्यासाठी पाठवतात आणि तिथून हिरवा कंदील मिळाला तर त्याच्या पाठिंब्याला वजन येतं. गणितात 'अ' श्रेणी असणारी आणि प्रादेशिक लीगमध्ये रोज खेळणारी मुलगी इथे बिल्लेवालीच्या पुढे जाऊ शकते. पैशांची मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावरून किंवा अभ्यासावरून, आणि ती दुखापत झाली म्हणून काढून घेतली जात नाही.

प्रशिक्षकाच्या त्या शब्दाला किती किंमत आहे, हे २०१९ च्या प्रवेश घोटाळ्याने विचित्र रीतीने दाखवून दिलं. श्रीमंत पालकांनी न खेळणाऱ्या मुलांना खेळाडू म्हणून दाखवण्यासाठी लाखो डॉलर मोजले होते. येलच्या महिला सॉकर संघाच्या तत्कालीन प्रशिक्षकानेही गुन्हा कबूल केला. त्या पालकांना शिष्यवृत्ती नकोच होती, प्रवेश हवा होता.

तेव्हा क्लबची पुढच्या वर्षाची फी भरण्याआधी संचालकाला थोडं खोदून विचारावं. भिंतीवर कॉलेजला निवडल्या गेलेल्यांची नावं झळकतात, त्यातले किती जण क्लबमध्ये लहानपणापासून होते आणि किती शेवटच्या वर्षी बाहेरून आणले? कुठल्या डिव्हिजनला गेले, दुसऱ्या वर्षीही संघात होते का? माझ्या मुलीला या संघात कुठल्या जागेवर, साधारण किती वेळ खेळवणार? तिच्यासाठी कॉलेजला फोन करणारा माणूस कोण, आणि तो पुढच्या वर्षी इथे असणार आहे का? अमेरिकेतल्या क्लबांत प्रशिक्षक फार लवकर बदलतात, तेव्हा हा शेवटचा प्रश्न आधी विचारला तरी चालेल.