विनोद कांबळी : असामान्य प्रतिभेची अल्पायुषी कारकीर्द

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी या जुन्या वस्तीला लागूनच चेपॉकचे एम. ए. चिदंबरम स्टेडियम आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये याच मैदानावर भारताने इंग्लंडचा एक डाव आणि २२ धावांनी पराभव केला. सचिन तेंडुलकर यांच्या १६५ आणि नवज्योतसिंग सिद्धू यांच्या १०६ धावांपुढे एका २१ वर्षीय डावखुऱ्या फलंदाजाच्या ५९ धावांची फारशी चर्चा झाली नाही. त्या फलंदाजाचे नाव विनोद कांबळी. ही त्यांची केवळ दुसरी कसोटी होती.

त्यानंतरच्या दोन कसोटींनी मात्र क्रिकेटविश्व थक्क झाले. मुंबईत इंग्लंडविरुद्ध २२४ आणि दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७ धावा कांबळी यांनी काढल्या. त्याच वर्षी श्रीलंकेत त्यांनी १२५ आणि १२० धावांच्या खेळी केल्या. पहिल्या सात कसोटींत चार शतके आणि केवळ १४ डावांत एक हजार धावा, असा हा झंझावात होता. तरीही त्यांची कसोटी कारकीर्द १७ सामन्यांतच आटोपली. नोव्हेंबर १९९५ मध्ये कटक येथे न्यूझीलंडविरुद्ध ते अखेरची कसोटी खेळले, तेव्हा त्यांचे वय २३ वर्षांचे होते आणि सरासरी ५४.२० इतकी होती.

कांजूरमार्ग ते शिवाजी पार्क

कांजूरमार्गच्या चाळीत वाढलेले कांबळी क्रिकेटचे अवजड साहित्य खांद्यावर घेऊन लोकलच्या गर्दीतून प्रवास करीत. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्या मार्गदर्शनाखाली ते घडले. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्ड स्पर्धेत शारदाश्रम विद्यामंदिराकडून खेळताना तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली. त्यात कांबळी यांच्या नाबाद ३४९, तर तेंडुलकर यांच्या नाबाद ३२६ धावा होत्या. तेव्हापासून या दोन मित्रांची तुलना सुरू झाली आणि ती अखेरपर्यंत कांबळी यांच्या पाठीशी लागली.

घसरण कशी झाली?

घसरणीचे पहिले कारण मैदानावरचेच होते. १९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडिजच्या वेगवान गोलंदाजांनी आखूड टप्प्याच्या उसळत्या चेंडूंचा मारा करून त्यांच्या तंत्रातील उणीव उघड केली. त्या मालिकेतील तिन्ही कसोटींत त्यांना एकही अर्धशतक करता आले नाही.

दुसरे कारण मैदानाबाहेरचे होते. दूरचित्रवाणीच्या प्रसारामुळे त्या काळात क्रिकेटमध्ये पैसा आणि प्रसिद्धी वेगाने वाढत होती. दागिने, भपकेबाज पोशाख आणि रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या मेजवान्या यांमुळे कांबळी यांच्या खेळापेक्षा त्यांच्या राहणीचीच चर्चा अधिक होऊ लागली. बेशिस्तीचा शिक्का एकदा बसला, तो पुसला गेला नाही.

तिसरे कारण स्पर्धेचे होते. जून १९९६ मध्ये लॉर्ड्सवर सौरव गांगुली आणि राहुल द्रविड यांनी कसोटी पदार्पण केले आणि मधल्या फळीत पुन्हा जागा मिळणे दुरापास्त झाले. त्याआधी मार्च १९९६ मध्ये विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात कोलकात्याच्या प्रेक्षकांच्या उद्रेकामुळे खेळ थांबला, तेव्हा नाबाद असलेले कांबळी अश्रू ढाळत परतले. एकदिवसीय संघात त्यांनी अनेकदा पुनरागमन केले. परंतु २००० नंतर तेही दार बंद झाले.

केवळ प्रतिभा वाया घालवली, असे म्हणून मात्र हा विषय संपत नाही. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांच्या नावावर ३५ शतके, ९,९६५ धावा आणि ५९.६७ ची सरासरी आहे. धावा काढण्याची क्षमता अचानक आटलेली नव्हती.

फुटबॉलमधील दाखले

या संदर्भात दोन फुटबॉलपटूंची आठवण होते. मँचेस्टर युनायटेडचे जॉर्ज बेस्ट मद्यपान आणि बेशिस्तीसाठी कुप्रसिद्ध होते. पण प्रशिक्षक मॅट बझ्बी यांनी त्यांना वारंवार सांभाळून घेतले. १९६८ मध्ये क्लबने युरोपियन चषक जिंकला आणि बेस्ट युरोपातील सर्वोत्तम खेळाडू ठरले. ब्राझीलचे गारिंशा यांनी १९५८ आणि १९६२ चे विश्वचषक जिंकून दिले. व्यसनाने अखेर दोघांचाही घास घेतला. गारिंशा १९८३ मध्ये वयाच्या ४९ व्या, तर बेस्ट २००५ मध्ये ५९ व्या वर्षी मरण पावले. मात्र त्यांची प्रतिभा आधी पूर्ण बहरली. त्यांना आठवड्यामागून आठवडा मैदानात उतरवणारा क्लब होता. नव्वदच्या दशकातील भारतीय क्रिकेटपटूला असा आधार नव्हता. राष्ट्रीय संघातून वगळल्यावर त्याला सावरणारी व्यवस्था जवळपास नव्हतीच. राष्ट्रीय क्रिकेट अकादमीही २००० मध्ये स्थापन झाली.

मद्यपानाच्या समस्येबद्दल कांबळी स्वतः जाहीरपणे बोलले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये प्रकृती बिघडल्याने त्यांना ठाणे जिल्ह्यातील रुग्णालयात दाखल करावे लागले. कपिल देव यांच्यासह माजी खेळाडूंनी मदतीची तयारी दर्शवली आणि २०२५ मध्ये सुनील गावसकर यांच्या संस्थेने त्यांना दरमहा ३० हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले.

मदतीचे हे हात आले, तेव्हा अखेरच्या कसोटीला जवळजवळ तीन दशके लोटली होती. स्वतःच्या चुकांची किंमत कांबळी यांनी मोजली, यात शंका नाही. परंतु चाळीतून आलेल्या २१ वर्षांच्या तरुणाला द्विशतकांपाठोपाठ येणारी प्रसिद्धी कशी पेलावी, हे कोणी शिकवले होते का, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.