उजेड सांगतो, डीएनए कसा आवरला

थंडीत अंधाऱ्या रात्री वेळणेश्वरसारख्या कोकणकिनाऱ्यावर कधी कधी फुटणारी लाट निळी चमकते. तो उजेड नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाचा, स्वतःच्या रसायनांतून निर्माण केलेला. फ्लुओरेसन्सचा उजेड मात्र उसना: पदार्थ एका रंगाचा प्रकाश पितो आणि काही अब्जांश सेकंदांत दुसऱ्या रंगाचा परत देतो. याच उसन्या उजेडात शास्त्रज्ञ डीएनएचा धागा आखडताना पाहतात.

आपल्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे 2 मीटर भरतो. पेशीकेंद्रक मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. त्यात या धाग्यावर जागोजागी ऋणभार, म्हणजे तो स्वतःलाच दूर लोटणार. पेशीत त्याला हिस्टोन प्रथिनं आवरतात. परीक्षानळीत हे काम स्पर्मिन नावाचं रसायन करतं. त्याच्या एका रेणूवर 4 धनभार असतात. डीएनएचा सुमारे 90 टक्के ऋणभार झाकला गेला, की धागा वेटोळी घेऊ लागतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसते चक्क चुंबळ, हंड्याखाली ठेवतात तशी. रुंदी मिलिमीटरचा जेमतेम दहाहजारावा भाग!

हे घडताना ओळखायचं कसं? डीएनए स्वतः जवळपास चमकतच नाही. इथिडियम ब्रोमाइड हा रंग पाण्यात मंद असतो, पण डीएनएच्या शिडीसारख्या धाग्याच्या पायऱ्यांमध्ये शिरला की नारिंगी झळकतो. धागा आवळला गेला की रंगाचे रेणू बाहेर पडतात आणि उजेड उतरतो. 1990 च्या दशकात जपानमध्ये केनिची योशिकावा यांच्या गटाने रंगवलेले सुटे डीएनए रेणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. एकेक रेणू अर्धवट आखडत नव्हता. एक तर पसरलेला, नाहीतर पुरता मिटलेला.

मिटलेल्या धाग्याच्या आत काय चालतं, हे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले जी. कृष्णमूर्ती यांनी फ्रेंच सहकाऱ्यांसोबत तपासलं. निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी योयो-1 हा रंग वापरला. नुसता उजेड किती, एवढंच मोजून ते थांबले नाहीत. तो किती वेळ टिकतो आणि त्याची दिशा किती झपाट्याने हरवते, हेही मोजलं. रंगाचे रेणू जवळ आले की ऊर्जा एकावरून दुसऱ्यावर उडी मारते, आणि त्या उड्यांवरून धाग्याची दाटी कळते.

जनुक-उपचाराची बातमी पुढे वाचाल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: नवं जनुक, म्हणजे असाच डीएनएचा धागा, पेशीत नेलं कशात बांधून? औषधाचं यश त्या बांधणीवरही अवलंबून असतं.