अंतरिक्षयान अनुकारक

अंतरिक्षयानाची गती, त्यावरील उपकरणांचे कार्य व सभोवतालची परिस्थिती यांचे जमिनीवर हुबेहूब अनुकरण करणारी संगणकीय व्यवस्था. व्यवहारात तिला सिम्युलेटर म्हणतात. यानस्थ संगणकातील आज्ञावली उड्डाणापूर्वी तपासणे, नियंत्रण केंद्रातील तंत्रज्ञांना प्रशिक्षण देणे आणि यानाकडे पाठवावयाच्या आज्ञांची तालीम घेणे हे तिचे प्रमुख उपयोग होत.

आवश्यकता : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन व विकास संस्थेत वाहने चाचणी-मार्गांवर प्रत्यक्ष चालवून पाहिली जातात, दोष आढळल्यास वाहन कर्मशाळेत परत आणता येते. अंतरिक्षयानाच्या बाबतीत ही सोय नसते. एकदा उड्डाण झाल्यावर त्यास हात लावता येत नाही. दूरच्या यानास वेळेवर आज्ञा देणेही शक्य नसते. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा रेडिओ संदेशास एका दिशेने सु. १२ मिनिटे लागत होती. त्यामुळे एंजिन चालविण्याचा सर्व क्रम यानातील संगणकानेच पार पाडला. अशा यानाचा चाचणी-मार्ग म्हणजे अनुकारकच होय.

रचना व कार्य : गुरुत्वाकर्षण, वातावरणाचा रोध, सौर प्रारणाचा दाब इत्यादींचा यानाच्या गतीवर होणारा परिणाम समीकरणांच्या रूपाने मांडतात. संवेदक, घूर्णी, विद्युत् घटमाला व प्रणोदक यांचीही गणितीय प्रतिमाने तयार करतात. त्यांवरून येणारी कृत्रिम मापने यानस्थ संगणकास पुरविली जातात. त्याने दिलेल्या आज्ञेनुसार यान किती वळले असते, हे अनुकारक काढतो व पुढील मापन पुरवितो. हे चक्र प्रत्यक्ष उड्डाणाच्याच वेगाने चालावे लागते. आपण प्रयोगशाळेत आहोत की कक्षेत, हे यानस्थ संगणकास ओळखता येऊ नये, ही चांगल्या अनुकारकाची कसोटी होय.

अभियंत्याचे कार्य : भौतिकी व आज्ञावली-लेखन या दोहोंचे ज्ञान येथे लागते. सुरळीत चालणाऱ्या यानाचे अनुकरण करणे त्यामानाने सोपे असते. मापनातील अशुद्धी, अडकलेली झडप किंवा निकामी संवेदक यांचे अनुकरण करण्यात खरे कौशल्य असते. अनुकारक व यानाची आज्ञावली यांत एकच चुकीचे गृहीत शिरल्यास चाचणी यशस्वी ठरते आणि यान मात्र नष्ट होते. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सु. ४० सेकंदांत नष्ट झाले. त्यातील निरूढी मार्गनिर्देशनाची आज्ञावली एरियान-४ वरून घेतलेली होती. नव्या बाणाच्या अधिक आडव्या वेगाची संख्या तिच्या मर्यादेत मावली नाही. पूर्वचाचणीत हे उपकरण प्रत्यक्ष न जोडता त्याची मापने कृत्रिम रीत्या पुरविल्याने दोष उघडकीस आला नव्हता.

भारतातील उदाहरणे : पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ (२२ जून २०१६) आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘प्रथम’ (२६ सप्टेंबर २०१६) हे विद्यार्थ्यांनी बनविलेले उपग्रह होत. ‘स्वयम्’ची दिशा चुंबकांच्या साहाय्याने आपोआप स्थिर राहावी अशी योजना होती, ‘प्रथम’मध्ये ते काम यानस्थ संगणकाकडे असल्याने तो संगणक अनुकारकाच्या चक्रात जोडून तपासण्यात आला.

चांद्रयान-२ चा अवतरक ७ सप्टेंबर २०१९ रोजी चंद्रावर आदळला. उतरताना त्याचा वेग नियोजित प्रमाणापेक्षा अधिक घटला व पुढील टप्प्याच्या आरंभीची स्थिती आराखड्याच्या मर्यादेबाहेर गेली. चांद्रयान-३ साठी काय बिघडू शकेल याचाच विचार करून आराखडा व चाचण्या आखण्यात आल्या. उतरण्याचे क्षेत्र ५०० × ५०० मी. ऐवजी ४ × २·४ किमी. एवढे वाढविण्यात आले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते यान चंद्रावर अलगद उतरले.

मर्यादा : अनुकारक नवे सत्य शोधत नाही, त्याच्या कर्त्याने ज्या शक्यता कल्पिल्या, तेवढ्याच तो तपासतो. म्हणून प्रत्येक उड्डाणातील मापनांशी ताडून त्यातील प्रतिमाने वेळोवेळी सुधारावी लागतात.