साठीनंतरचे हार्मोन उपचार
जुलै 2002 मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीचा एक भाग अर्ध्यावर थांबवला गेला आणि असंख्य स्त्रियांनी धास्तावून रजोनिवृत्तीच्या त्रासासाठीच्या हार्मोनच्या गोळ्या सोडल्या. त्यात गोळ्या घेणाऱ्या दर 10,000 स्त्रियांमागे वर्षाला स्तनकर्करोगाचे 8 रुग्ण जास्त आढळले होते.

त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. सहभागी स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं! साठीनंतर प्रथमच उपचार घेणं जोखमीचंच. पन्नाशीच्या आसपास सुरू केले, तर बहुतेक निरोगी स्त्रियांना फायदा जास्त.

पासष्टीतही रात्री घामाने झोप मोडत असेल तर? निव्वळ वय पाहून चालू औषध बंद करणं अन्यायाचं आहे. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, गोळीऐवजी त्वचेवरचा पॅच किंवा जेल देऊ शकतात. त्यात रक्ताच्या गुठळ्यांची भीती कमी. फक्त योनीचा कोरडेपणा असेल, तर इस्ट्रोजेनचं क्रीम बहुधा पुरतं.