चोर नसतां वाजणारी घंटा

धोक्याची घंटा विनाकारण वाजूं लागली, कीं मनुष्य ती बंद करून निजतो. खरा धोका तेथेंच. दारांखिडक्यांवरील चुंबकी कळा पुष्कळदां एकाच तारेंत मण्यांसारख्या ओंवलेल्या असतात. चुंबक दुरावला किंवा सांधा सुटला, कीं प्रवाह तुटून गजर होतो.

दोष हुडकण्यास प्रथम वीज व बॅटरी सोडवावी, दारें मिटावीं, तारेचीं टोकें यंत्रापासून काढावीं आणि लांब तार घेऊन मल्टिमीटरनें अर्धी साखळी तपासावी. ती अखंड असल्यास दोष उरलेल्या भागांत. असें दर वेळीं निम्में करीत गेल्यास ८ कळांतील सदोष कळ ३ परीक्षांत सांपडते. तपासतांना दार हलवून पाहावें; कांहीं दोष वाऱ्यासरशींच प्रकटतात. मात्र सदोष कळ तारेनें जोडून गजर शमविणें म्हणजे ती खिडकी चोरास मोकळी करून देणें होय.