एका तारेवरचा हात

लासलगाव म्हटलं की कांद्याचे लिलाव डोळ्यांपुढे येतात. पण लग्नाची हळद निघाली की निफाड-चांदवडच्या या पट्ट्यात अनेक घरांत देवीचा गोंधळ घालतात. चांदवडची रेणुका आणि वणीची सप्तशृंगी दोन्ही जवळच्या. अंगणात चौक भरतात, दिवटी पेटते आणि संबळाशेजारी तुणतुणं वाजू लागतं. लोक संबळ ऐकतात, आख्यान ऐकतात. तुणतुण्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मला मात्र या गाण्याचा कणा तिथेच दिसतो.

वाद्य अगदी साधं. लाकडाचं किंवा पत्र्याचं पोकळ नळकांडं, तळाला चामडं, बाहेरच्या अंगाला ठोकलेली दांडी आणि तिच्या टोकाला खुंटी. चामड्याच्या मध्यातून निघालेली एकच तार खुंटीपर्यंत ताणलेली. गिटार वाजवणाऱ्याचा डावा हात पडद्यांवर तारा दाबण्यात गुंतलेला असतो. अमेरिकेतल्या कार्टर फॅमिली या गाणाऱ्या चमूतली मेबेल कार्टर गिटारवर अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवायची आणि बाकीच्या बोटांनी लय राखायची. तुणतुण्यावर चाल वाजवायचीच नसते. डावा हात दांडी सांभाळतो, नळकांडं काखेशी राहतं आणि उजव्या हातातली छोटी काडी तार छेडत राहते. सूर एकच, म्हणून सगळं कसब आघातात. जोर किती, दोन आघातांत अंतर किती, गायकाने श्वास घेतला की काय करायचं. गायक वाक्य लांबवतो तेव्हा हात घाईला आला, तर शब्द चिरडला जातो; हात ढिला पडला, तर आख्यान बसतं.

तार गायकाच्या पट्टीला लावलेली असते. पावसाळी दमट हवेत चामडं सैल होतं, सूर उतरतो, मग खुंटी पिळावी लागते. कथा ऐन रंगात असतानाही हे करावं लागतं.

वाद्य अंगावर असल्याने माणूस उभा राहतो. गोंधळात तो मुख्य गोंधळ्याबरोबर सरकतो, वळतो, झील धरतो. पोवाड्यातही तसंच: शाहिराच्या हातात डफ, मागे तुणतुणं घेतलेला झीलकरी आणि त्याची ‘जी जी’. उजवा हात तारेवर असतो, त्यामुळे हातवारे करता येत नाहीत. अभिनय मानेत, डोळ्यांत आणि पावलांत उतरतो. याउलट, शाहीर होनाजी बाळाने लावणी ढोलकी-तुणतुण्याच्या फडातून तबला-तंबोऱ्याच्या बैठकीत नेली, असं परंपरा सांगते. तंबोरा आला तसा गायक बसला, आलापाला सवड मिळाली आणि त्या लावणीची चालच संथ झाली. वाद्य बदललं की आधी शरीर बदलतं, मग गाणं.

म्हणूनच आजच्या मांडवातली एक गोष्ट मला खटकते. माइक मुख्य गायकापुढे, दुसरा संबळापुढे आणि तुणतुणंवाला मागे, ऐकूच न येणारा. त्याला स्टँडवरच्या माइकपुढे उभं केलं, तरी चुकतंच, कारण मग त्याचं चालणं थांबतं. नळकांड्याला अडकवता येईल असा छोटा माइक द्यावा आणि त्याला गायकाच्या पाठीशी फिरू द्यावं.